रिकामी वाटी

सकाळचं पाणी येऊन गेलं की गडग्यापलीकडून कुसुमकाकूंची हाक येतेच. परवाची जरा खोचक होती.

"काय गो, लेकीकडे जपानला महिनाभर राहून आलीस, आणि शेजाऱ्यांना काय? नुसते फोटो?"

मी आतून वाटी आणून गडग्यावर ठेवली. वाटीत चार लालसर, सुरकुतलेली फळं.

"हे काय? भिजलेलं कोकम?"

"उमेबोशी. खाऊन बघा, पण जपून."

काकूंनी अख्खं फळ तोंडात टाकलं. डोळे मिटले, मान झटकली, कानाची पाळी धरली. मग हळूच एक डोळा उघडून म्हणाल्या, "अगो, हा तर आपल्या खारातल्या आंब्याचा चुलतभाऊ!"

"अगदी तसाच. उमे म्हणजे अलुबुखारच्या जातीचं फळ. जूनमध्ये उतरवायचं, मिठात मुरवायचं, मग कडक उन्हात घालायचं. हा रंग शिसो नावाच्या पाल्याचा."

"आणि कुठल्या गावचं म्हणायचं हे?"

"वाकायामा प्रांतातलं. जपानातली निम्म्याहून जास्त उमे तिथेच पिकतात. आणि काकू, हा वाकायामा आपल्या महाराष्ट्राचा सोयरा आहे. २०१३ साली दोन्ही सरकारांचा करार झालाय. पर्यटन, अन्नप्रक्रिया, अशा गोष्टींत एकमेकांना हात द्यायचा."

काकूंनी बी थुंकली ती थेट शेवग्याच्या बुंध्यात. "सरकारची सोयरीक म्हणजे शाल, श्रीफळ आणि पेपरात फोटो. आमच्या आंब्याला त्याचं काय?"

"आंब्याचं दार दिल्ली आणि टोकियोनं मिळून उघडलं. फळमाशीच्या भीतीनं जपाननं वीस वर्षं आपला आंबा घेतला नव्हता. २००६ साली घेऊ लागले, पण अट घालून. आंब्याला आधी वाफारा द्यायचा. आतला गर ४७.५ अंशांवर जायला हवा आणि २० मिनिटं तिथेच राहायला हवा."

"बाळंतिणीला देतात तसा शेक?"

"तसाच. त्यांचा तपासनीस येऊन बघून जातो. ते वाफाऱ्याचं केंद्र मात्र आपल्या राज्याच्या पणन मंडळाचं आहे, वाशीला."

"म्हणजे दार दिल्लीनं उघडलं, पण उंबऱ्याशी पाय धुवायची सोय आपण केली," काकूंनी निकाल दिला. "बरं, वाकायामात आणखी काय बघितलंस?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होते. "कोयासान. डोंगरावरचं देवस्थान. ओसाकाहून रेल्वेनं जायचं, शेवटच्या स्टेशनाचं नावच स्वर्गपूल अशा अर्थाचं. तिथून उभ्या चढाची दोरगाडी. वर देवळंच देवळं, आणि आभाळाला टेकलेल्या झाडांखाली दोन लाखांवर समाध्या. कूकाई नावाच्या संन्याशानं ८१६ साली ही जागा मिळवली. त्याआधी तो चीनला गेला होता. तिथे एका भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला."

"हात मेल्या! तेव्हापासून ये-जा?"

"समाध्यांवर अजून सिद्धम् अक्षरं कोरतात. आपल्या देवनागरीच्याच घराण्यातली लिपी ती. आणि ध्यान कशाचं करतात माहितीय? 'अ' या अक्षराचं. आपण पाटीवर गिरवून पुसून टाकतो, ते समोर टांगून त्याच्यापुढे बसतात."

काकू क्षणभर गप्प. असं वर्षातून एकदा होतं.

"कूकाई ८३५ साली समाधीत बसला," मी पुढे सांगू लागले, "तो गेला असं तिथले लोक मानतच नाहीत. आत ध्यानस्थ आहे म्हणतात. रोज दोनदा ताट जातं त्याला."

"म्हणजे आळंदीसारखी संजीवन समाधी!"

"आणि ताट जायच्या आधी चव घेणारा देव वेगळा. त्याचं छोटं देऊळ वाटेतच आहे."

"हे छान. आमच्याकडे हे काम सासूबाई करायच्या."

"पण काकू, खरी गोष्ट पुढेच. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात पुतळा आहे. कोणाचा असेल? बाबासाहेबांचा. २०१५ साली आपल्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अनावरण झालं."

काकूंनी पदर सावरला. त्यांचं माहेर मंडणगडाकडचं. "आंबडवे आमच्या शेजारचं गाव. आंबेडकरांचं मूळ गाव ते. आमच्या मंडणगडाचा माणूस त्या डोंगरावर उभा आहे, आणि तू हे मला इतक्या दिवसांनी सांगतेस?"

"तुम्ही फोटोंना नावं ठेवलीत ना मघाशी."

"तो फोटो दाखव. बाकीचे राहू देत." फोटो बघताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला. मग हिशेब मांडायला घेतला. काकूंना कुठलीही गोष्ट हिशेबाशिवाय पचत नाही. "म्हणजे बघ, आपल्याकडून कधीकाळी अक्षरं गेली, बुद्ध गेला. त्यांनी ते बाराशे वर्षं सांभाळलं. मग आपण बाबासाहेब पाठवले, त्यांनी जागा दिली. शेजारधर्म म्हणतात तो हाच. आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. सरकारच्या कराराचं मला एवढंच बघायचंय, वाटी फिरतेय की कपाटात ठेवलीय."

"आता कळेल की. त्यांचे लोक अजिंठ्याला येतात, आपले कोयासानला जाताहेत. मी गेले, हे काय कमी?"

"तू लेकीकडे गेली होतीस. सरकारच्या खात्यात कशाला घालतेस?" असं म्हणून काकू वाटी घेऊन आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा वाटीत खारातले दोन आंबे होते आणि दुसऱ्या हातात बंद बरणी.

"वाटी तुझी. बरणी लेकीकडे पाठव. तिला म्हणावं, डोंगरावर जाशील तेव्हा त्या चव घेणाऱ्या देवापुढे आधी ठेव. त्याला खारट लागलं तर मला कळव, पुढच्या वर्षी मीठ कमी घालीन. सरकारला नंतर विचारू."