वेल्डर व्हायचंय? मग आधी झाडू घ्या

सर्वप्रथम एक चांगला मेस्त्री शोधा. खूण सोपी आहे, तो तुम्हाला काहीच शिकवत नाही. भोसरीच्या शेडमध्ये असा एखादा हमखास सापडतो.

पहिला महिनाभर होल्डरला हात लावू नये. झाडू आणि वायर ब्रश ही तुमची अवजारं. पट्टीवरचा गंज, तेल, जुना रंग घासून ती चकचकीत झाली असं वाटलं, की मेस्त्रींना दाखवा. ते पट्टीवरून बोट फिरवतील आणि काळं झालेलं बोट तुमच्या शर्टाला पुसतील. पुन्हा घासा. तेल राहिलं की त्याचा वायू जोडात अडकून भोकं पडतात, हे कारण विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि विचारलंत तर 'घास' एवढंच उत्तर येईल.

७०१८चा रॉड भट्टीत तीनशे-साडेतीनशे अंशांवर तासभर तरी का भाजतात, असंही विचारू नका. पावसाळ्यात पुडा उघडा टाकून जेवायला जा, म्हणजे मेस्त्रींच्या तोंडूनच ऐकाल. (शिव्या गाळून सारांश : दमट रॉडातला हायड्रोजन जोडात मुरतो आणि तडा कधीकधी दुसऱ्या दिवशी जातो, तुम्ही घरी घोरत असताना.)

मग एकदाचा होल्डर हाती येतो. मशीन ११० अँपियरवर, हातात ३.१५चा रॉड. तो चिकटेल. सगळ्यांचा चिकटतो. आर्क रॉडच्या जाडीइतकीच ठेवायची, हे वाक्य पाठ करून उपयोग नाही, कारण अकरा नंबरच्या काचेमागे तुम्हाला काहीच दिसत नसतं. कान द्या. भजी तळल्यासारखा सलग चुरचुराट हवा. फडफड ऐकू आली की आर्क लांबली, आणि तुमच्याकडे पाठ करून बसलेले मेस्त्रीही खाकरतात. काच न लावता 'जरा बघतो' म्हणणाऱ्यांनी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होण्याची तयारी ठेवावी.

आता परीक्षा. दोन पट्ट्या उलट्या टी आकारात उभ्या करा आणि एकाच बाजूने जोडा. वरून खवले कसे सुबक दिसतात! मोबाईलवर फोटो काढायचा असेल तर आत्ताच काढा. कारण मेस्त्री तुकडा व्हाइसमध्ये धरून घण घालतील आणि जोड पुस्तकासारखा उघडतील. मुळाशी धातू वितळलेलाच नाही, मधे स्लॅगची काळी रेघ. ते बोलणार नाहीत, फक्त दुसऱ्या दोन पट्ट्या पुढे सरकवतील. स्लॅग न झाडता वरून दुसरा थर चढवायची आणि रेड ऑक्साइडखाली सगळं झाकायची युक्ती तुम्हाला सुचेल. ती त्यांना तुमच्या जन्माआधीच सुचून गेलेली असते.

असे तुकडे कोपऱ्यात गुडघाभर साठले, की एखाद्या दिवशी घण बसूनही जोड उघडत नाही, पट्टीच वाकते. मेस्त्री ती उलटसुलट करून बघतात, म्हणतात, "हं." मग टपरीवाल्याला हाक जाते, "अरे, याच्यासाठी पण एक कटिंग आण."

पैसे मात्र तुम्हीच द्यायचे.