एक, तीन, चार, दोन

वाटणीत धाकट्याला गावची विहीर मिळाली आणि मला वडिलांची १९८२ची प्रीमियर पद्मिनी. विहिरीत निदान पाणी असतं; हिच्यात ते आपण ओतायचं.

कात्रजचा घाट चढताना गाडी मिसिंग मारायला लागली. मेकॅनिकने नुसता आवाज ऐकून निदान केलं, "टायमिंग हललंय, साहेब. डेल्को बघावा लागेल. गुरुवारी येतो." तो गुरुवारीच आला, फक्त पुढच्या. मधल्या आठवड्यात मी स्वतः हात घातला.

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, इंजिनाच्या पंगतीतला वाढपी. पानं चार, पण वाढायचं ओळीने नाही. एक, तीन, चार, दोन. दोन नंबरवाला बिचारा शेजाऱ्यांची पानं बघत बसतो. आतला रोटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, तरी तीन हजार आरपीएमला सेकंदाला शंभर ठिणग्या वाढतो. शिवाय हाक यायच्या आत निघावं लागतं, कारण पेट्रोल-हवा पेट घ्यायला वेळ लावते. पिस्टन माथ्यावर पोचायच्या काही अंश आधीच ठिणगी हवी. फार आधी पडली तर इंजिन खडखडतं, उशिरा पडली तर चढावर सायकलवाले मागे टाकतात.

मी डेल्को उपसला, पॉइंट पॉलिश पेपरने घासले. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. वडील ती एका विमा एजंटाच्या व्हिजिटिंग कार्डाने मोजत. त्या गृहस्थाचा आमच्या घरी झालेला तेवढाच उपयोग. मग पुलीवरची खूण जुळवली, रोटरचं तोंड एक नंबरकडे केलं, बारा व्होल्टच्या बल्बची एक वायर डेल्कोला, दुसरी बॉडीला लावली आणि पॉइंट उघडून बल्ब पेटला त्या क्षणी बोल्ट आवळला. हात पुसून चावी फिरवली.

कार्ब्युरेटर खोकला, सायलेन्सरने बार काढला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "वरात कोणाची हो?"

पुढच्या गुरुवारी मेकॅनिकने एक नंबरचा प्लग काढला. "साहेब, भोकावर अंगठा दाबून धरा." तो पान्याने पुली फिरवू लागला. खूण जुळली, अंगठ्याला काही नाही. आणखी एक फेरा, आणि आतून कोणी फुंकर मारावी तसा अंगठा उडाला.

"ही खरी," तो म्हणाला.

पिस्टन माथ्यावर दोनदा येतो. एकदा मिश्रण दाबून, एकदा धूर बाहेर टाकून. खूण दोन्ही वेळा जुळते. मी अगदी वेळेवर तूप घेऊन हजर होतो. पाहुणा हात धुवायला उठलेला.

त्याने डेल्कोला हातही लावला नाही. टोपीवरच्या एक आणि चारच्या वायरी बदलल्या, तीन आणि दोनच्या बदलल्या. चावी मारली. गाडी लागली, आणि अशी लागली की काकू पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

"किती झाले?"

"पाचशे. अंगठा तुमचा होता, पन्नास कमी द्या."