नाण्याखाली किती भोकं

अहो वहिनी, इकडे या जरा. कुंपणाच्या त्या सुटलेल्या फळीपाशी या, तिथून नीट ऐकू येतं. ऐकलंत का, परवा रेंजवर काय झालं ते? अय्या, नाही? कमाल झाली! तुम्ही ह्यूस्टनमध्ये राहता की चंद्रावर? अहो, निळ्या ट्रकवाल्याचं तोंड असं झालं होतं, असं... पंगतीत बासुंदी संपल्यावर वराकडच्यांचं होतं ना, अगदी तस्सं.

मी तिथेच होते ना! जावई म्हणाले, "आई, घरी एकट्या कंटाळाल, चला." कानांवर ते मोठे डबे चढवले आणि मागच्या बाकावर बसले थर्मास घेऊन. नोव्हेंबरचा पहिला शनिवार आला की इथे हरणांचा सीझन उघडतो, त्याच्या आधी सगळा गाव रायफल झीरो करायला, म्हणजे नेम जुळवून घ्यायला लोटतो. दसऱ्याला आपण हत्यारं पुसून पुजतो, ही माणसं ती घेऊन रांगा लावतात.

तर ट्रकवाला. गेले सहा आठवडे याचं एकच पालुपद, "सब-एमओए! आउट ऑफ द बॉक्स!" म्हणजे शंभर यार्डांवर सगळी भोकं एका इंचाच्या आत. वर आणखी चिमूटभर सूट असते, 1.047 इंच, पण तेवढं कोण मोजतंय... नाही, मोजतात हो, तेही सांगते. रायफल कुणाची ते नाव नाही घेत, उगीच कशाला. दोन हजार डॉलरच्या वरची, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, पॉलिश असं की कुंकू लावून घ्यावं त्यात बघून. आणि आमच्या जावयांची? रूगर अमेरिकन. करडा प्लास्टिकचा दस्ता, आपली आंघोळीची बादली असते ना, तसला. ट्रकवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "ही रायफल आहे की टपरवेअर?" जावई हसले, पण कान लाल झालेले मी पाहिले. माझ्या मुलीच्या नवऱ्याला टपरवेअर! मी तिथेच मनात म्हटलं, थांब मेल्या.

पंच कोण, तर कोपऱ्यावरचे आजोबा. त्यांच्याकडे विंचेस्टर मॉडेल 70 आहे, 1964 च्या आधीची. त्या साली कंपनीने ती बनवायची रीत बदलली, आणि तेव्हापासून जुनीला मान. आजोबा ती रेंजवर आणतात, मऊ कापड उलगडून सगळ्यांना दाखवतात आणि परत गुंडाळतात. आईची पैठणी असते ना आपली, तशी. नेसायची नाही, नुसती उन्हं दाखवायची.

आजोबांनी कायदा सांगितला. दोघांच्या रायफली क्रीडमोर काडतुसाच्याच, तेव्हा दोघांना दुकानातली एकाच डब्यातली काडतुसं, घरी भरलेली नाहीत. कारखान्यातून आली तशी रायफल, चाप बदललेला नको, काही घासलेलं नको. आणि पाच गोळ्या. इथेच ट्रकवाला अडला. म्हणे, कंपन्यासुद्धा तीनच गोळ्यांची हमी देतात. बऱ्याच कंपन्यांचं खरं आहे ते, वेदरबी आपल्या व्हॅनगार्डची हमी देते तीही तीन गोळ्यांची, 0.99 इंचाची, आणि त्यातही काडतुसं चांगल्यातली हवीत ही अट. आजोबा म्हणाले, "तीन गोळ्या कुणाच्याही जवळ पडतात. चौथी आणि पाचवी खरं बोलते." वहिनी, मला पटलं हो! मुलगी बघायला जातात तेव्हा पहिल्या तीन पोळ्या गोल येतातच. पंधरावी बघा म्हणावं.

ट्रकवाला तरी सोडेना. "हरीण काय पाच गोळ्या होईस्तोवर उभं राहतं?" यातही तथ्य आहे बाई. शिकारी नळ्या बारीक, तीन बार झाले की तापतात आणि कुठल्या कुठे सरकायला लागतात. आणि खरं सांगू? हरणाच्या छातीतली ती मर्माची जागा आठेक इंचांची, कागदी ताटलीएवढी. मग अर्ध्या इंचावरून एवढा तमाशा कशाला? पण विचारायची सोय आहे का! आपण नाही का, चकली तोंडात गेली की संपली, पण काटा आलाय की नाही त्यावरून वर्षभर...

तर काय सांगत होते. हं. "रेंज कोल्ड!" असं ओरडले, सगळे हात वर करून मागे झाले आणि कागदाकडे निघाले. मीही गेले, थर्मास हातात तसाच. आजोबांनी खिशातून क्वार्टर काढला. इंचाला जेमतेम कमी भरतो तो. जावयांच्या भोकांवर ठेवला. चार झाकली गेली! पाचवं कडेने डोकावत होतं, खोडकर पोरासारखं. आजोबांनी मग तो डिजिटल व्हर्नियर लावला, बाहेरून बाहेर मोजायचं आणि गोळीची जाडी वजा करायची. इंचाच्या आसपास. टपरवेअर बरं का, टपरवेअर!

मग दोन हजारवाल्या कागदाकडे वळले. तीन भोकं अशी गळ्यात गळे घालून. त्याची छाती फुगली. आणि चौथं? वर, उजवीकडे. पाचवं त्याच्याही पलीकडे. क्वार्टर कुठे ठेवणार, बशी लागली असती. "फ्लायर आहेत ते," म्हणाला, "मीच चाप ओढला वाकडा." दोन्ही वेळेला? त्याची बायको माझ्या शेजारीच उभी. तिने आधी कागदाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि मग एकदम आकाशाकडे. बायकोच ती, बोलते कशाला!

आणि ऐका, खरी गंमत तर पुढेच. समोरची नर्स आहे ना, ती पलीकडच्या बाकावर एकटीच. तिची रायफल टिका, फिनलंडची, रीहिमाकी गावात साकोच्या कारखान्यात होते ती. पाच बार केले, सँडविच खात बसली, कागद बघायलासुद्धा उठली नाही. आजोबाच गेले. क्वार्टर ठेवला, भोकं गडप. पाचही. आजोबांनी टोपी काढली हो तिच्यासमोर! ती म्हणते, "हो का? छान," आणि सँडविचचा पुढचा घास.

ट्रकवाल्याला मग आजोबांनी बाजूला घेतलं. मी लांबून ऐकत होते... म्हणजे लांब कसली, दोन हातांवर. त्यांनी डॉलरची एक नोट काढली, नळी आणि दस्ता यांच्या फटीत घातली आणि बोल्टकडे सरकवायला लागले. नळी मोकळी असली तर नोट सरळ जाते. पुढच्या टोकाशीच अडकली. लाकूड टेकलेलं! नळी तापली की टेकल्या जागी ढकलली जाते आणि गोळ्या निघाल्या वर. इथल्या दमट हवेत अक्रोड फुगतोच. कोकणात पावसाळ्यात दारं फुगतात, कडी लागत नाही, तेच. प्लास्टिकला कसला आलाय पाऊस! मात्र आजोबांनी आमच्या जावयांनाही सोडलं नाही. त्यांचा दस्ता पुढून चिमटीत धरून दाबला तर तोही वाकून नळीला टेकला. "पट्टा ताणून धरलात की तुमचंही हेच," म्हणाले.

ट्रकवाला बिचारा विचारत होता, मग मी पैसे कशाचे मोजले? आजोबा म्हणतात, लाकडाचे, पॉलिशचे, बोल्ट लोण्यासारखा फिरतो त्याचे. नेमाचे नाहीत. हल्ली बऱ्याचदा नळी मशिनवर ठोकून होते, आत आट्यांचा उलटा साचा घालून बाहेरून थंड लोखंडावर हातोडे, आपल्या तांबट आळीत घंगाळं ठोकतात तसे. स्वस्तातली असो की महाग. आणि नळी बसवायला एक साधा नट. सॅव्हेजने 1958 मध्ये आपल्या 110 ला लावला होता, तेव्हा लोक त्याच्या दिसण्याला हसायचे. नळी माप जुळेपर्यंत फिरवायची आणि नट आवळायचा, कारागिराने दिवसभर कानशी घासत बसायला नको. रूगरनेही पुढे तोच उचलला. गरिबाघरची युक्ती, पण काम चोख.

शेवटी कुणीतरी दुसऱ्या कंपनीची काडतुसं आणून दिली, तर ट्रकवाल्याचीच भोकं अर्ध्यावर आली! त्याच रायफलीने, त्याच दिवशी. तिला आधीचा दाणा रुचला नव्हता म्हणायचं. म्हशीचं असतं तसं, अमुकच पेंड हवी. मग आउट ऑफ द बॉक्स म्हणजे कुठला बॉक्स, रायफलीचा की काडतुसांचा? मी जावयांना विचारलं, तर म्हणाले, "आई, हे तुम्ही आजोबांना विचारू नका, संध्याकाळ होईल."

अगं बाई, मुख्य सांगायचं राहिलंच! जवळ या. काल ट्रकवाला मॉलमध्ये भेटला, पाकिटातून घडी केलेला कागद काढून दाखवत होता सगळ्यांना. तीन भोकं, गळ्यात गळे. क्वार्टरखाली आरामात मावतील. आणि आज सकाळी त्याच्या बायकोने मला कचऱ्याचा डबा उघडून दाखवला, तर आत कागदाचं कात्रण, वरचा उजवा कोपरा, त्यात दोन भोकं. कात्रीने कापलेलं हो, शिवणाच्या! तिची शिवणाची कात्री बोथट झाली म्हणून ती चिडली आहे, बाकी काही नाही... थांबा, गप्प, ट्रक आला वाटतं. तुम्ही आपल्या कढीलिंबाला पाणी घाला.