कात्री, खोका आणि तिसरा हात

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन लिलावात बोली जिंकली, की विक्रेत्याचा पहिला निरोप येतो पैशांचा आणि दुसरा अटींचा. त्यात एक अट हमखास असते : ‘ओपनिंग व्हिडिओ नसेल तर तक्रार घेतली जाणार नाही.’ व्हिडिओही साधासुधा चालत नाही. खोका सगळ्या बाजूंनी दिसला पाहिजे, पत्त्याचं लेबल वाचता आलं पाहिजे, मध्ये कट नको, पॉज नको. म्हणजे एका हातात मोबाइल, दुसऱ्यात कात्री आणि खोका धरायला तिसरा हात. एकट्यादुकट्याने या वाटेला जाऊच नये. किंवा बोली लावण्याआधी लग्न तरी उरकून घ्यावं. चिनी मातीची बरणी फुटली याचं कुणाला काही नाही, तिच्या फुटण्याचं चित्रीकरण नीट व्हायला हवं.

विक्रेते म्हणतील, ग्राहकही लबाड असतात. चांगला माल ठेवून घेऊन फुटका दाखवतात. असतात की! पण या व्हिडिओने सिद्ध काय होतं? बरणी फुटकी निघाली, एवढंच. ती फुटकीच भरली होती की ट्रकमध्ये आपटली, हे पॅकिंगच्या व्हिडिओशिवाय कळणार नाही, आणि तो कुणी काढायचा याबद्दल अटींत चकार शब्द नाही. मग कायदा पुढे केला जातो : माल कुरियरकडे दिला, आमची जबाबदारी संपली. १९३० सालच्या वस्तुविक्री कायद्याचं कलम ३९ तसं म्हणतंही. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय, की मालाचं स्वरूप पाहून वाहतुकीचा वाजवी करार विक्रेत्यानेच करायचा. तो केला नाही आणि माल खराब झाला, तर ग्राहक भरपाईसाठी त्यालाच धरू शकतो. बरणी विमा न काढता, वर्तमानपत्राच्या एका पानात गुंडाळून पाठवणं यात वाजवी काय आहे? पॅकिंगचे पैसे वेगळे घेता आणि आत कोंबता आमचीच रद्दी! (त्यात या सदराचं पान असेल तर बरणी फुटणारच.) कलम ४१ ग्राहकाला माल तपासायची वाजवी संधी देतं, तेही कॅमेऱ्याविना. आपले पैसे मात्र बोली संपल्या संपल्या यूपीआयने गेलेले असतात. ते परत मागितले, की बोली चढवताना मिनिटामिनिटाला मेसेज टाकणारा हाच दादा ब्लॉक करून मोकळा होतो. याला सावधगिरी म्हणायचं, तर दांडगाई कशाला म्हणतात?

बोली लावण्याआधी पॅकिंगचा व्हिडिओ मागा, विमा कोण काढणार तेही लिहून घ्या. विक्रेता नाही म्हणाला, तर ती बरणी त्याच्याच फडताळात राहू द्या.