शांतीचे खातेप्रमुख

जपानात कागद चोळायच्या कुठल्याही वर्गात हे गृहस्थ भेटतातच. वय पासष्टच्या पुढे, कार्डिगनला इस्त्री, आणि वर्ग दहाचा असेल तर पावणेदहालाच दारात उभे. निवृत्त खातेप्रमुख! घरी असले की दिवसभर बायकोच्या मागे मागे. अशा नवऱ्याला तिकडे ‘ओलं पान’ म्हणतात, झाडलं तरी खराट्याला चिकटणारं. त्यामुळे इथे त्यांची पाठवणी कुणी केली, हे विचारायला नको.

काम तसं सोपं. कोझो नावाच्या, तुतीच्या कुळातल्या झुडपाच्या सालीचा कागद घ्यायचा. कोन्याकूच्या कंदाची खळ लावून वाळवायचा आणि मग खुशाल चुरगळायचा. उलगडायचा, पुन्हा चुरगळायचा. सालीचे तंतू लांब असल्याने तो सहजी फाटत नाही. हळूहळू त्याची कुरकुर थांबते आणि तो कापडासारखा मऊ पडतो. याला मोमिगामी म्हणतात.

साहेबांनी उभ्या नोकरीत हाताखालच्यांच्या अहवालांचा चोळामोळा केलेला, पण केलेला बोळा उलगडायचा असतो हे त्यांना नवीन. पहिल्याच दिवशी कागद झकास चुरगळला आणि हात आपसूक टोपलीकडे गेला!

वर्ग घेणाऱ्या बाई सांगतात, “डोक्यात काही आणू नका.” साहेब मान डोलावतात. घड्याळ काढून तबकडी वर करून शेजारी ठेवतात, दातावर दात रोवतात आणि कागदाच्या कोपऱ्यावर दोन्ही अंगठे चालवू लागतात. कागदाच्या सुरकुत्या वाढतात तशा कपाळाच्याही. मध्येच डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारणीचा कागद किती नरम झाला ते बघून घेतात.

मौन पाळतात, पण माहिती पोटात राहत नाही. कवी बाशो 1689 साली उत्तरेकडे पायी निघाला तेव्हा रात्रीच्या थंडीसाठी त्याच्या गाठोड्यात कागदी अंगरखा होता, हे शेजारणीला कुजबुजीतून कळतं. नारा इथल्या तोदाइजी मंदिरात मार्चमधल्या विधीला भिक्षू अजून असेच कागदी कपडे घालतात, हेही कळतं. कोझोचा कागद आणि हीच खळ वापरून 1944 साली अमेरिकेवर सोडायचे बॉम्बचे फुगे बनवले होते, इथवर साहेब येतात, तेव्हा बाई नुसतं खाकरतात.

तास संपला की साहेबांचा एकच प्रश्न : “याची परीक्षा कधी असते?” त्यांचंही चूक नाही. त्या देशात किल्ल्यांच्या माहितीचीसुद्धा परीक्षा होते. इथे ती नसते, असं कळल्यावर त्यांचा चेहरा पडतो. “मग प्रगती मोजायची कशी?”

पुढच्या वेळी ते आखलेली वही घेऊन येतात. रकाने : तारीख, कागदाचा आकार, लागलेली मिनिटं, शांती (दहापैकी). शेवटच्या रकान्यातला आकडा साडेसहाच्या वर जायला तयार नाही. खळ पातळ पडते, असं त्यांचं मत आहे.