तीन वर्षं कधीपासून मोजायची?

गेल्या आठवड्यात अंबरनाथ पूर्वेला एका घरी कपाटातून प्लास्टिकची पिशवी निघाली. आत लाइटची बिलं, घरपट्टीच्या पावत्या आणि त्यांच्यामध्ये चार घड्या घातलेलं वडिलांचं मृत्युपत्र. घड्यांवर कागद विरलेला, सही निळ्या शाईची, खाली दोन साक्षीदार. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. थोरल्याला कोणीतरी सांगून ठेवलं होतं, "तीन वर्षांत प्रोबेट घेतलं नाही ना, मग रद्दी झाली त्याची." प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. त्यामुळे पिशवीला कोणी हातच लावला नाही. आता ब्लॉक विकायचा, बहीण हिस्सा मागतेय, म्हणून शोधाशोध.

ही थाप आहे. उल्हासनगरच्या कॅम्पापासून बदलापूरपर्यंत ती कायदा म्हणून फिरते आणि घरं फोडते.

तीन वर्षं आली कुठून? १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात अनुच्छेद १३७ आहे. ज्या अर्जाला वेगळी मुदत नेमलेली नाही त्याला तीन वर्षं, तीही अर्ज करायचा हक्क निर्माण झाल्यापासून. हा अनुच्छेद प्रोबेटच्या अर्जालाही लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये कुंवरजीत सिंग खंदपूर खटल्यात सांगितलं. लोकांनी तेवढंच उचललं. पण त्याच निकालात हेही मान्य केलंय की हा हक्क चालू राहणारा आहे. मृत्युपत्राप्रमाणे काही करायचं बाकी आहे तोवर तो संपत नाही. माणूस गेला त्या दिवसापासून बोटं मोजत बसायचं कारण नाही. हे मूळ म्हणणं मुंबई उच्च न्यायालयाचं, सदारंगानी विरुद्ध लालवानी या खटल्यातलं. उल्हासनगरात दुकानांच्या पाट्यांवर दिसावीत अशीच दोन्ही आडनावं.

शिवाय इथल्या घराला, इथेच केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती नव्हतीच. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्यावर महाराष्ट्रात ती घातली ती मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी हद्दीपुरती. ठाणे जिल्हा त्या हद्दीबाहेर. बदलापूरला राहायला आलेल्या पण दादरला अजून जागा असलेल्या कुटुंबाला मात्र ती होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ही सक्ती घालणारं २१३ वं कलमच काढून टाकलं. तरी भावंडांत वाद पेटला की कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि वाद उभा राहिल्यावर अर्जाचा हक्क तेव्हा निर्माण झाला असं धरून तीन वर्षं मोजली जाऊ शकतात; ती टांगती तलवार डोक्यावर घेऊन बसू नये.

माझा राग आहे तो कायद्याच्या लिहिण्यावर. मृत्यूनंतर सात पूर्ण दिवस होईपर्यंत प्रोबेट देता येत नाही, हे उत्तराधिकार कायद्याच्या २९३ व्या कलमात स्वच्छ छापलंय. दिवसकार्याच्या आतली ती मुदत! पण शेवटची मुदत कुठून धरायची हे एका ओळीत कुठेच नाही. ते निवाड्यांतून वेचायचं. कॅम्प चारमधला दुकानदार किंवा कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार ते कुठून वेचणार? ती ओळ कायद्यात आलीच पाहिजे. तोवर निदान वकिलांनी अशिलाला अर्धवट सांगून घरी पाठवू नये.

आणि उशीर फुकट जात नाही. मृत्यूपासून तीन वर्षांपुढे कोर्टाला शंका येते, उशीर वाढेल तशी तीही वाढते. तिचं निरसन करायला साक्षीदार लागतो. दोघांपैकी एक जिवंत असेल तर त्यालाच कोर्टात उभं करावं लागतं.

त्या कागदावरचे एक साक्षीदार, शेजारचेच, करोनात गेले. दुसरे वडिलांबरोबर कामाला होते. आता ऐंशी ओलांडलीय, वांगणीला मुलीकडे असतात. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. येत्या रविवारी सकाळच्या कर्जत लोकलने आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत, मृत्युपत्राची झेरॉक्स घेऊन.