साहेबांच्या मिशीतली शाई

रात्री साडेनऊनंतर आमच्या पेपरच्या आवृत्तीत वाजणारा फोन बातमीचा नसतो. ‘साहेबांच्या वाढदिवसाची जाहिरात टाकलीय, बघून घ्या,’ एवढंच कार्यकर्त्याला सांगायचं असतं. टाकलेली असते व्हॉट्सअ‍ॅपवर, तीही स्क्रीनशॉट काढून.

पूर्ण पानाची जाहिरात म्हणजे रुंदीला साधारण 33 सेंटीमीटर. छपाईला इंचाला 200 पिक्सेल धरले, तरी नुसत्या रुंदीलाच 2600 लागतात. आलेल्या फाइलीत असतात सातशे-आठशे. त्यात साहेबांचा चेहरा कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला, खांद्यावर परका हात तसाच. “हा हात कुणाचा?” ऑपरेटर विचारतो. यावर पक्षात एकमत नसतं.

मग रंग. पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशावर चालतो. छापखान्याला कळतात सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा, रंगागणिक एक प्लेट. फाइल आरजीबीतून सीएमवायकेत नेली की झेंड्याचा रंग उतरतो. “माझ्या मोबाइलवर तर झकास दिसतंय,” असं कार्यकर्ता म्हणतो. मग मोबाइलच वाटा म्हणावं घरोघर!

पण खरा जीव अडकतो तो काळ्यात. डिझाइन करणाऱ्या पोरानं मिशीत चारही रंग शंभर-शंभर टक्के ओतलेले असतात. झाली 400 टक्के शाई. आमचा कागद टीपकागदासारखा, त्याला 240 टक्क्यांच्या वर सोसत नाही. आमच्या छपाईयंत्रावर शाई वाळवायला भट्टी नसते, कागदात जिरेल तेवढीच जिरते. उरलेली समोरच्या पानावर उमटते. एकदा समोर निधनवार्ता होत्या. मिशी नेमकी एका आजींच्या ओठांवर बसली, आणि सकाळी दोन्ही घरांतून फोन आले.

अक्षरं तर निव्वळ काळ्या प्लेटवरच हवीत. ती चार रंगांत विभागली आणि एखादी प्लेट केसभर सरकली, की ‘अभीष्टचिंतन’ला रंगीत सावल्या फुटतात आणि वाचक उगाच चष्मा पुसत बसतो. फॉन्टचं दुखणं वेगळंच. जुन्या श्रीलिपीतला मजकूर असेल आणि पीडीएफ करताना फॉन्ट आत घातला नसेल, तर छापखान्यात ‘लोकनेते’ थेट फ्रेंच दिसायला लागतात.

एवढ्यावर भागत नाही. शाईचा ठिपका कागदावर पसरतो. फाइलीत 50 टक्क्यांचा असलेला ठिपका छापून येतो तेव्हा 75च्या घरात गेलेला असतो. म्हणून चेहरा आधीच उजळून ठेवायचा. तो कार्यकर्त्यानं पडद्यावर पाहिला, तर “साहेबांना पावडर कशाला फासली?” आणि न उजळता छापला, तर “वाढदिवसालाच साहेबांचं तोंड काळं केलंत!” दुसऱ्या तक्रारीवर, तांत्रिकदृष्ट्या, आम्हाला उत्तर नाही.

तेव्हा समस्त मित्रमंडळांना हात जोडून विनंती. फोटोची मूळ फाइलच पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि संध्याकाळी सहाच्या आत पाठवा. साहेबांचा वाढदिवस गेल्या वर्षीही याच तारखेला होता.